दुसरी प्रत एसटीत

वर्तमानपत्रात उभी हयात घालवलेल्या माणसाकडे लोक मंत्र्यांचे किस्से मागतात. माझ्याकडे तेही आहेत. पण मंत्री बदलले की ते किस्से शिळे होतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे मात्र होत नाहीत, कारण तेच चुकीचं बटण आजही कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी दाबतंय. ज्या वर्षांत जायकवाडीत पाणी साचेना, त्या वर्षांत आमच्याकडे हे किस्से मात्र भरपूर साचले.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. एका दैनिकाचं विभागीय ऑफिस, दुसरा मजला, पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू. खाली रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. शहर चहूकडे वाढत होतं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. दोन्हींवर मी रोज लिहायचो आणि ज्याच्या-त्याच्याशी भांडायचो. कॉम्प्युटरशी भांडून उपयोग नसायचा. त्यासाठी सलीमभाई होते.

सलीमभाई आमचे ऑपरेटर. रोज खुलताबादहून घाट उतरून यायचे. कुणी काही बिघडवलं की आधी ते दुरुस्त करायचे, मग जुन्या प्रुफाच्या पाठीवर स्केचपेननं एक नियम लिहून भिंतीला चिकटवायचे. नियम मराठीत आणि शिव्या दखनीत. भिंतीवर फक्त नियम यायचे, एवढीच त्यांची सभ्यता.

*

पहिला नियम माझ्यामुळे लागला.

पाणीटंचाईची बातमी लिहीत होतो. मधेच एक शब्द घालायला गेलो, तर पुढचा शब्द गायब. आणखी एक घातला, आणखी एक गायब. मी जितकं लिहीन तितकं मशीन खात होतं. मी खुर्ची मागे सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हा साधा बिघाड नाही. प्रशासनाविरुद्धची बातमी आहे. हे कुणीतरी मुद्दाम करतंय."

सलीमभाई आले, एक बटण दाबलं आणि निघाले.

"काय केलंत?"

"इन्सर्ट दबा था, भाई."

"म्हणजे?"

"मतलब, नया बैठा तो बाजूवाले को उठना पडता. सरकारी खुर्ची जैसा."

संध्याकाळी भिंतीवर कागद लागला : 'लिहिताना पुढची अक्षरं गायब होत असतील तर इन्सर्टचं बटण एकदा दाबा.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तरीही थांबलं नाही तर प्रशासनावर संशय घ्या.' ते अक्षर कुणाचं, याचा मी बरेच दिवस तपास केला. पेन्सिल दीक्षित सरांच्याच खिशात असायची.

*

दीक्षित सर म्हणजे आमचे ज्येष्ठ उपसंपादक. फुलंब्रीहून रोज ये-जा. वीस वर्षं मराठी टाइपरायटरवर काढलेली. ओळ संपत आली की तिथं घंटी वाजायची आणि हात आपोआप डावीकडे जाऊन दांडा ढकलायचा. कॉम्प्युटरला घंटी नाही, दांडा नाही, म्हणून सर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबायचे. मथळा मधोमध यावा म्हणून स्पेसबार मोजून दाबायचे. सतरा वेळा, अठरा वेळा.

एक दिवस वरून सांगणं आलं की मजकुराचा टाइप थोडा मोठा करा. सलीमभाईंनी केला. एक ओळ लांब, दुसऱ्या ओळीत दोनच शब्द, पुन्हा लांब, पुन्हा दोन शब्द. आख्खं पान जिन्यासारखं दिसायला लागलं. मथळा तर उजवीकडच्या भिंतीला टेकून उभा.

"मी सरळच लिहिलं होतं," सर म्हणाले. "वाकडं यानं केलंय."

सलीमभाईंनी त्यांना समजावलं, "सर, ओळ भरली की तो स्वतः खाली उतरतो. तुम्ही धक्का देऊ नका. परिच्छेद संपला तरच एंटर."

दुसऱ्या दिवशी सरांनी दुष्काळावरचा अग्रलेख दिला. दीड पान, सलग, कुठंही श्वास नाही. एकही एंटर नाही.

"सर, परिच्छेद?"

"ओळ संपलेली त्याला कळते," सर म्हणाले, "मग परिच्छेद संपलेला का कळू नये?"

सलीमभाईंनी त्या दिवशी नियम लिहिला नाही. खाली जाऊन चहा घेऊन आले.

*

आता जे सांगतो त्यात मीही आरोपी आहे.

मुख्य कार्यालयाकडून ईमेलनं परिपत्रक आलं. त्यांनी ते ज्या फाँटमध्ये लिहिलं होतं, तो आमच्या मशीनवर नव्हता. पानभर कंस, चौकोन, टक्क्याची चिन्हं आणि मधेच एक स्वच्छ मराठी 'ळ'. सलीमभाई त्या दिवशी रजेवर. दीक्षित सरांनी रिवाजाप्रमाणे त्याची प्रिंट काढली आणि फलकावर लावली. परिपत्रकाखाली 'वाचले, समजले' असं लिहून सगळ्यांनी सही करायची, हा आमचा फार जुना रिवाज.

नऊ जणांनी सही केली. तिसरी सही माझी. भर पत्रकार परिषदेत मंत्र्याच्या हातातला कागद मागून घेणारा मी माणूस!

चौथ्या दिवशी वरून फोन. "परिपत्रकाची अंमलबजावणी कुठवर आली?"

"जोरात चालू आहे," दीक्षित सर म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर आमच्याकडे वळून, "कशाची रे?"

मग तेच परिपत्रक फॅक्सवर मागवलं. वाचलं आणि हसू जागच्या जागी विरलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गावोगावच्या वार्ताहरांनी हातानं लिहिलेली बातमी पाठवायची नाही. टाइप करून, ईमेलनं, दुपारी चारच्या आत. त्या दिवशी ज्याचा मेल येणार नाही, त्याचं काम बंद. सोबत वार्ताहरांची यादी होती. एका नावाभोवती वरूनच पेन्सिलीनं गोल करून आलेला, म्हणजे हा जाणार असं त्यांनी आधीच धरलेलं. ते नाव होतं कारभारींचं.

तोवर आमच्याकडे बातम्या एसटीनं यायच्या. खुलताबाद असो, देवगाव रंगारी असो, वार्ताहर पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचा आणि आम्ही ते स्टँडवरून आणायचो. त्यात सगळ्यात नियमित पाकीट कारभारींचं. अठरा वर्षांत त्यांची एकही बातमी खोटी निघाली नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि खिशात आमच्या पेपरचं ओळखपत्र. त्या कार्डामुळे तालुक्याच्या कचेरीत त्यांना बसायला खुर्ची मिळायची. त्यांच्या खडकाच्या वाडीतल्या चाळीस घरांमधून तिथं खुर्ची मिळणारा तो एकच माणूस होता. कार्ड गेलं की वाडीचं म्हणणं दाराबाहेर उभं राहणार होतं. तेही टँकरच्या दिवसांत.

मी वर फोन लावला आणि कडाडून भांडलो. उत्तर मिळालं, "तुम्ही तर सही केलीय. वाचले, समजले."

सलीमभाईंनी रजेवरून आल्यावर नियम लिहिला : 'बाहेर पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवा. तुमचा फाँट समोरच्याकडे असेलच असं नाही.' पेन्सिल मी दीक्षित सरांकडून मागून घेतली आणि खाली लिहिलं, 'सही करण्याआधी वाचा.'

*

कारभारी शिकायला आले. एक तारखेला तीन आठवडे होते.

त्यांनी माऊस धरला तो थेट मानगुटीला.

"आबा, दबाओ नक्को," सलीमभाई म्हणाले. "नुसता हात ठेवा. पळत नाही तो."

"सवय हाय हो. सोडलं की पळतं, एवढंच आपल्याला ठावं."

पण माणूस हुशार. आठवड्यात दोन बोटांनी टाइप करायला लागले. मेल पाठवणं तेवढं राहिलं होतं. तर पहिली बातमी त्यांनी तालुक्याच्या नेट कॅफेत टाइप केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह दिला एसटीत. पाकीट आलं. आत कापडाची घडी, तिला चारी बाजूंनी टाके, वर लिहिलेलं : 'आत बातमी. आपटू नये.'

टाके उसवले. पेनड्राइव्ह लावला. आत एकच फाईल. सलीमभाई ती उघडायला गेले. उघडेना. मग त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं आणि फोन लावला.

"पोचली का?" पलीकडून कारभारी.

"पोचली आबा. पण ह्यात बातमी नाही. बातमीचा पत्ता आहे."

"मंग घर कुठं हाय?"

"घर तुमच्या कॅफेतच. त्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे ना, वाकडा? तो शॉर्टकट. बाण असेल ते उचलायचं नाही. बाण जिकडे नेतो तिथं जाऊन खरी फाईल उचलायची."

"आस्सं. म्हंजी म्या मेंढराची खूण पाठवली, मेंढरू वाड्यावरच राह्यलं."

सलीमभाईंनी नियम लिहिला. फाईल, शॉर्टकट, कॉपी वगैरे शब्द खोडून शेवटी कागदावर एवढंच उरलं : 'बाण दिसला तर मेंढरू घरीच आहे.' बाहेरून येणारी माणसं त्याचा अर्थ विचारायची. आम्ही सांगायचो नाही.

*

मधल्या आठवड्यातली गोष्ट. मी टँकरची बातमी दर सोमवारी द्यायचो. सोय म्हणून मागच्या सोमवारची फाईल उघडायची, गावं बदलायची, मजकूर बदलायचा, सेव्ह. सहा सोमवार असं केलं.

एक अधिकारी पहिल्या बातमीबद्दल जाब विचारायला आले. असे पाहुणे आले की माझी कळी खुलते. "बसा," म्हटलं, "शब्दन्‌शब्द दाखवतो." आणि तावातावानं फाईल शोधायला लागलो. सहा सोमवारांची मिळून एकच फाईल होती, आणि तिच्यात सहावी बातमी.

"म्हणजे पहिली बातमी तुम्ही मागं घेताय?" अधिकारी गोड हसले.

मी मशीनकडे असा पाहत राहिलो की जणू तेच फितूर झालंय. तेवढ्यात सलीमभाईंनी मागच्या रॅकमधून जुना अंक काढून टेबलावर ठेवला.

"भाई, आपला पेपर आहे," ते हळूच म्हणाले. "छपता है."

नियम : 'जुनी फाईल उघडली की लिहायच्या आधी सेव्ह अ‍ॅज करून नवं नाव द्या. आणि महत्त्वाच्या कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवा.'

कारभारी त्या दिवशी मेल पाठवायच्या शिकवणीला आलेले. त्यांनी नियम डायरीत उतरवून घेतला. मग विचारलं, "दुसरीकडं म्हंजी कुठं?"

सलीमभाई पान लावण्याच्या घाईत होते. "कहीं भी, आबा. जिथं हे मशीन नाही तिथं."

*

महिना संपायला एकच दिवस उरला होता. सकाळी कारभारींचा फोन. "दादा, वाडीचा टँकर तुटला. रोज दोन खेपा व्हत्या, आता आठ दिवसाला एक म्हनतेत. बाया हंडे घिऊन कचेरीत बसल्यात. या तुमी."

मी निघालो तो मथळा डोक्यात घेऊनच. टँकरचा घोटाळा. आठ कॉलमी. कचेरीचं आणि तालुक्याचं नाव इथं सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता.

कचेरीत यादीचं काम पाहणारा कारकून घामाघूम. मी टेबलावर हात आपटला. "वाडीच्या खेपा कुणी पळवल्या? नाव सांगा."

"साहेब, कॉम्प्युटरची यादी आहे. मी एक आकडा बदलला नाही. शपथ."

"खोटं बोलू नका."

"दादा," कारभारी माझ्या मागून म्हणाले, "जरा सरका." ते कारकुनाशेजारच्या खुर्चीवर बसले. तीच ती खुर्ची. पडद्यावर बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"भाऊसाहेब, आमच्या वाडीची लोकसंख्या तुमी किती लिवलीय?"

"एकवीसशे."

"चाळीस घरं हायती. मेंढरं धरली तरी एकवीसशे व्हत नाय."

सगळेच यादीकडे पाहायला लागले. शेजारच्या गावात माणसं दीडशे आणि शाळा चार.

"एवढ्यात यादीत काय केलंत का?" कारभारींनी विचारलं.

"काही नाही. साहेब म्हणाले, गावं पटकन सापडत नाहीत, बाराखडीप्रमाणे लावा. मी गावांच्या नावांचा उभा रकाना निवडला आणि सॉर्ट केला."

"तवा त्यानं काय इचारलं का?"

कारकुनाला आठवलं. "विचारलं ना. म्हणे, शेजारचे रकानेही सोबत न्यायचे का? मी म्हटलं, नको. साहेबांनी सांगितलं तेवढंच कर."

म्हणजे नावं उठून बाराखडीप्रमाणे बसली होती, आणि माणसं, शाळा, टँकरच्या खेपा जिथल्या तिथं. तालुक्यातल्या प्रत्येक गावाला दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचं पाणी सुटलं होतं.

"मग मागं घ्या," मी म्हणालो. "कंट्रोल झेड."

"फाईल सेव्ह करून बंद केली होती. परवाच."

"जुनी प्रत?"

"त्याच नावावर सेव्ह केली, साहेब."

सहा सोमवारांची एकच फाईल केलेला मी. टेबलावरचा हात काढून घेतला.

कारभारींनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कापडाची घडी काढली आणि टाके उसवायला लागले. "मागल्या बुधवारी यांच्याकडनं यादी घेतली व्हती. बातमीसाठी." पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर फाईल आली. त्यांनी मान पुढं केली, चित्राचा कोपरा नीट निरखला आणि खुर्चीत मागं टेकले.

"बाण नाय."

अर्ध्या तासात खरी यादी जागेवर आली. मी तरीही धुमसत होतो. "कारभारी, दोन दिवस तालुका चुकीचं पाणी प्यायलाय. ही आठ कॉलमी बातमी आहे."

"हाय की, लिवू." ते पेनड्राइव्ह पुन्हा कापडात गुंडाळत होते. "पन चोर लिवू नका दादा. चोर न्हवता. क्लिक व्हतं."

*

एक तारीख. वरचे साहेब स्वतः आले. माझ्याच खुर्चीवर बसले आणि समोर वार्ताहरांची यादी ठेवली. हातात पेन. पेन्सिलीच्या गोलातलं नाव माझ्या जागेवरूनही दिसत होतं.

"चार वाजेपर्यंत," ते म्हणाले. "ज्याचा मेल नाही, तो नाही."

दीड वाजून गेला आणि रस्त्यावरच्या जेसीबीनं आपला दात खाली घातला. आमचं नेट गेलं. गल्लीचंच गेलं. खाली विचारून आलो, तर जेसीबीवाला म्हणाला, "केबल का? आता रस्ता मोठा होणार म्हटल्यावर..."

दोन वाजले. तीन वाजले. साहेब दर पाच मिनिटांनी रिफ्रेशचं बटण दाबत होते आणि पडदा दर पाच मिनिटांनी तेच सांगत होता. चार वाजले. चाळीस वार्ताहरांपैकी एकाचीही बातमी नाही. उद्याची चार पानं मोकळी. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"तुमच्या ऑफिसात बॅकअपची काय व्यवस्था आहे?" त्यांनी विचारलं.

सलीमभाईंनी भिंतीकडे पाहिलं. दीक्षित सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी भांडणासाठी घसा साफ केला.

साडेचारला जिन्यावर पावलं वाजली आणि खाकी कपड्यातला कंडक्टर दारात उभा राहिला. "आबांचं पाकीट. स्टँडवर ठिवू नका म्हनले, वर जाऊन हातात द्या म्हनले."

कापडाची घडी. चार टाके. आत पेनड्राइव्ह, बातमीची प्रिंट आणि एक चिठ्ठी.

सलीमभाईंनी पेनड्राइव्ह लावला. आम्ही तिघेही खाली वाकलो आणि चित्राचा कोपरा पाहिला. बाण नव्हता. यादी कशी उलटी झाली आणि कशी सुलटी झाली, हे सगळं होतं. चोर नव्हता. वाडीत दुपारी बारा वाजता आलेल्या टँकरचा फोटो होता. बाया हसत होत्या.

साहेबांनी बातमी दोनदा वाचली. मग चिठ्ठी उचलली आणि मोठ्यानं वाचली :

'बातमी दीड वाजता ईमेलने पाठवली आहे. एक प्रत दुसरीकडे ठेवावी असा नियम आहे. दुसरीकडे म्हणून एसटीत ठेवली आहे. कळावे.'

मग यादीकडे हात न्यायच्या आधी साहेबांनी दीक्षित सरांना विचारलं, "खोडरबर आहे का?"

दुसऱ्या दिवशी नेट आलं. सगळ्यात आधी आलेला मेल कारभारींचा होता, एक वाजून अठ्ठावीस मिनिटांचा.

आठ दिवसांनी वरून नवं परिपत्रक आलं. या वेळी पीडीएफ. दीक्षित सरांनी ते फलकावर लावलं आणि सही करण्याआधी आम्ही सगळ्यांनी वाचलं : 'इंटरनेट बंद असल्यास सर्व वार्ताहरांनी बातमी पेनड्राइव्हवर घेऊन एसटीने, कंडक्टरच्या हाती पाठवावी.'

त्या दुपारी कारभारी आले. फलकासमोर उभं राहून त्यांनी ते सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग सलीमभाईंकडं वळले.

"लई अवघड पद्धत काढली बघा, सलीमभाई. शिकायला किती दिवस दिलेत?"